पाणी कधी सुटणार, एवढं तरी कळू द्या

पत्र थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी ३४ वर्षांची. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात कामाला आहे, सकाळी नऊच्या एसटीने जाते, संध्याकाळी साडेसातला परत येते. घरात नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. गावाची स्वतःची नळयोजना आहे: पाझर तलावाखाली विहीर, वरच्या अंगाला ५० हजार लिटरची टाकी, तीनशे घरांना नळ. ठरलंय दिवसाआड पाणी. येतं ते सहाव्या नाहीतर नवव्या दिवशी, कधी भर दुपारी, कधी रात्री दोनला, फार तर पाऊण तास. घर शेवटच्या गल्लीत. त्यांच्या शब्दांत, ‘आमच्या पुढे फक्त वस्तीची पंधरा-वीस घरं.’ वरच्या गल्लीत घरोघरी टिल्लू (नळाचं पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटरी) लागलेत. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे महिन्यातून दोन खाडे तरी पाण्यापायी होतात आणि खाड्याचे ३०० रुपये कापले जातात. पिण्यासाठी रोज दहा रुपयांचा जार. वॉलमन, म्हणजे वॉल खोलून गल्ल्यांना पाणी सोडणारे, हे नवऱ्याचे चुलते, गाव त्यांना आप्पा म्हणतं. बांधाचा जुना वाद मनात धरून आप्पा आपला वॉल मुद्दाम उशिरा खोलतात, असं घरातल्या सगळ्यांचं मत. नवऱ्याचा बेत असा: वर्षाची १,२०० रुपये पाणीपट्टी बंद करायची, दोन लाख कर्ज काढून दारात बोअर घ्यायचा, तोवर आपणही टिल्लू लावायचा. शिवाय अंगणातला गळका हौद पाडून तिथे मोटरसायकल उभी करायची. ‘मला यातलं काहीच पटत नाही, पण मग काय करायचं तेही सांगता येत नाही. माझंच चुकतंय का?’

ताई,

तुमचं चुकत नाही. हे आधी सांगून टाकते, कारण चार पानांत तुम्ही ते तीनदा विचारलंय. घरात सगळे एका बाजूला आणि आपण एकट्या गप्प, असं झालं की आपल्यालाच व्यवहार कळत नाही असं वाटायला लागतं. पण त्या घरात घागरी मोजणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. बाकीच्यांना नळाचा राग आहे, तुम्हाला नळाचा हिशोब माहीत आहे.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘पाणी कमी येतं त्याचं एवढं नाही, पण एसटीत बसले तरी डोक्यात नळच असतो.’ त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातुरात होते. मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. १२ एप्रिलला आलेली पहिली गाडी १० वॅगनची होती, ५ लाख लिटर घेऊन आलेली; नंतर ५० वॅगनच्या गाड्या येऊ लागल्या. फोटो गाडीचे निघत होते, पण आम्ही बायका एकमेकींना एकच विचारायचो, ‘तुमच्या गल्लीचा वार कोणता?’ आमचा गुरुवार. आठवड्यातून एकदा टँकर, मोजून मिळायचं. इतक्या कमी पाण्यात मी आयुष्यात कधी राहिले नव्हते. तरी बुधवारी रात्री भांडी रिकामी करून ठेवायची, गुरुवारची सकाळ मोकळी ठेवायची, उरलेले सहा दिवस आपले. तुम्हाला ते सहा दिवस मिळत नाहीत. तुम्ही आठही दिवस नळापाशी आहात, गुडघेदुखीच्या सासूबाई घरी आणि तुम्ही एसटीत.

म्हणून मला वाटतं, तुमच्या घरात सध्या चुकीच्या प्रश्नावर भांडण चाललंय. ‘जास्त पाणी कुठून आणायचं’ हा प्रश्न दोन लाखांचा आहे. ‘पाणी कधी सुटणार ते आदल्या दिवशी कळेल का’ हा प्रश्न फुकटचा आहे, आणि तुमच्या गावात तो अजून कोणी नीट विचारलेला दिसत नाही.

आता आप्पा. बांधाचा वाद खरा असेल. भावकीत कोणाच्या मनात काय असतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण एवढं तपासा: आप्पांच्या स्वतःच्या गल्लीत पाणी कधी येतं? तिथे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येत असेल तर तुमचा संशय धरून चालू. तिथेही रात्री-बेरात्री येत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. रात्री दोनला तुमचा वॉल खोलणारा माणूस रात्री दोनला जागाच असतो ना. साठी उलटलेला माणूस बांधाच्या रागापायी आठवड्याला एवढी झोप मोडेल, हे मला जरा जड जातं.

मला संशय विजेचा येतो. पाझर तलावाखालची विहीर म्हणजे शिवारातली विहीर. अशा बऱ्याच ठिकाणी योजनेची मोटर गावठाणाच्या लाइनवर नसते, शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीच्या वेगळ्या वीजलाइनवर असते. शेतीला थ्री फेज (मोटरला लागते ती वीज) काही तासच मिळते, आणि तीही पाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की टाकीत पाणी रात्रीच चढणार. टाकी मध्यरात्री भरली आणि सकाळी लाइनचा भरवसा नाही, तर वॉलमन तेव्हाच सोडून मोकळा होतो. त्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की दोन दिवस गेले, मोटर जळाली की चार. तुमचा ‘सहाव्या नाहीतर नवव्या दिवशी’ असाच तयार होत असणार. हे पटवून घ्यायला एकच प्रश्न पुरे: मोटर कोणत्या फीडरवर आहे? आप्पांना विचारा. तक्रार म्हणून विचारू नका. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन त्यांच्याबरोबर विहिरीपासून टाकीपर्यंत एक चक्कर मारा. सूनबाई पहिल्यांदाच आपल्या कामाबद्दल विचारते आहे म्हटल्यावर ते जे बोलतील, ते दहा वर्षांत कोणी ऐकलेलं नसेल. त्यांचा पगार किती महिन्यांचा थकलाय, हेही त्यात निघेल. अशा कामाला ग्रामपंचायती काय पैसे देतात ते मला माहीत आहे, म्हणून म्हणते.

फीडरचीच अडचण निघाली तर तिच्यावर उपाय आहेत: मोटर गावठाणाच्या लाइनवर घेणं, किंवा सौरपंप बसवणं. पण ते ग्रामपंचायतीने मागायचं असतं. तुम्ही-मी आप्पांवर चिडून ते होत नाही.

पुढची गोष्ट आजच करा. एक वही घ्या आणि नळाजवळ खिळ्याला टांगा, पेन दोरीला बांधून (नाहीतर पेन मुलांच्या दप्तरात जाईल). पाणी आलं की तारीख, कधी सुटलं, कधी बंद झालं, आणि १५ लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागली, एवढं लिहायचं. तुम्ही घरी नसाल तर मोठी मुलगी लिहील, पाचवीतली आहे ना. पाणी न आलेल्या दिवशीही ‘नाही’ असं लिहायचं.

बादलीचं कशाला, तर सांगते. समजा बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. चाळीस मिनिटं पाणी आलं तर ४०० लिटर. घरात पाच माणसं आणि आठ दिवस, म्हणजे माणशी दिवसाला १० लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. टंचाईत टँकर लावतात तेव्हासुद्धा खेड्यात माणशी २० लिटर धरतात. तुमच्या दारात नळ आहे, चालू योजना म्हणून गावाची नोंद आहे, आणि तुम्हाला टँकरच्या गावापेक्षा निम्मं पाणी मिळतं. हे तोंडी सांगितलं तर ‘सगळीकडेच असं आहे, बाई’ असं उत्तर येतं. तीन महिन्यांची वही पुढे ठेवली की ते उत्तर देणाऱ्याला खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावावा लागतो.

आणखी एक आकडेमोड तुमच्या पत्रातूनच निघते. टाकी ५० हजार लिटरची, घरं तीनशे, म्हणजे माणसं दीड हजार धरू. टाकी रोज एकदा जरी पूर्ण भरली, तरी माणशी ३३ लिटर होतात. दिवसाआड पाणी सोडलं तर एका पाळीला माणशी ६६. तुम्हाला मिळतात रोजचे १०. मधलं पाणी गेलं कुठे? एक तर टाकी रोज भरतच नाही, म्हणजे विहीर, मोटर किंवा वीज कमी पडते. नाहीतर भरते, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे वाटेत गळती तरी आहे किंवा कोणी ओढून घेतंय. दोन्हींचे इलाज अगदी वेगळे आहेत. तेव्हा आप्पांबरोबरच्या चकरेत दुसरा प्रश्न हा विचारा: टाकी आठवड्यातून किती वेळा काठोकाठ भरते? तुमचं सगळं दुखणं या उत्तरात आहे.

टिल्लूकडे आता येतेच. तुमचे यजमान म्हणतात, सगळे लावतात, आपण एकट्याने साधू कशाला व्हायचं. बरोबर आहे त्यांचं. वरच्या गल्लीने ओढायचं आणि खालच्या गल्लीने नियम पाळायचे, हा न्याय नव्हे. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही चालता चालता लिहून गेलात: ‘आमच्या पुढे फक्त वस्तीची पंधरा-वीस घरं.’ म्हणजे शेवटची गल्ली तुमची नाही. आपल्याकडे लाइनीच्या टोकाला कोणाची घरं असतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. तुमच्या टिल्लूने वरच्या गल्लीचं पाणी ओढलं जाणार नाही, ते लोक तुमच्या आधीच आहेत. ओढलं जाईल ते तुमच्या पुढचं. तुमच्याकडे पाऊण तास येतं तर वस्तीत किती येत असेल, हे तुम्ही कधी विचारलंय का? रागावू नका. विचारायला हवं, कारण ग्रामसभेत तुमच्या बाजूने उभी राहतील अशी घरं बहुतेक तीच आहेत.

टिल्लूचा दुसरा धोका तुमच्याच पोटात जातो. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो. मोटरने रिकाम्या-अर्ध्या लाइनीतून ओढलं की पाइपातल्या प्रत्येक फटीतून बाहेरचं गटाराचं पाणी आत येतं. वरची गल्ली ओढते आणि हगवण खालच्या गल्लीला लागते, ती अशी. ओल्या पायांनी, उघड्या वायरीने टिल्लू लावताना शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतोच. काही गावांत यावर तोडगा असा निघालाय की पाणी सुटतं तेवढा वेळ त्या भागाची वीजच बंद ठेवायची. एकट्या-दुकट्याने शेजाऱ्याच्या टिल्लूवर बोट दाखवलं की भांडण होतं. सगळ्या गावाची वीज अर्धा तास गेली तर कोणाचा कोणाशी वाद राहत नाही. हे ग्रामसभेत मांडण्यासारखं आहे.

बोअरबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. आपल्या मराठवाड्याच्या पायाखाली बहुतेक काळा पाषाण आहे. पाणी वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकात असतं. त्याखाली अखंड पाषाण लागला की ते फक्त भेगांमधून मिळतं, आणि ती भेग तुमच्या अंगणाखाली आहे की शेजारच्या गोठ्याखाली, हे तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला कळत नसतं. दोनशे फुटांवर धूळ उडाली की गाडीवाला म्हणतो अजून शंभर जाऊ, आणि माणूस हो म्हणतो, कारण दोनशेचे पैसे तर बुडालेच आहेत. कर्ज मात्र पाणी लागो न लागो, फेडावंच लागतं. यजमानांना एवढंच करायला सांगा: गावात फिरून बोअर मोजायचे, आणि प्रत्येक घरी विचारायचं की एप्रिल-मेमध्ये किती वेळ चालतो. दहापैकी सात मेमध्ये आटत असतील तर तुमचा आठवा होईल. नळ आटतो त्याच महिन्यात आटणारा बोअर काय कामाचा? जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे, तिथल्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घेतल्याशिवाय गाडी दारात बोलावू नका.

शिवाय जमिनीखाली बांध नसतात. गावची विहीर आणि घरोघरचे बोअर शेवटी एकाच पाण्यावर जगतात. म्हणूनच १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर खोदायला बंदी घातली होती, आणि नंतरच्या २००९ च्या भूजल कायद्यानेही अशा स्रोतांना संरक्षण दिलंय. तुमचं घर विहिरीपासून किती लांब आहे ते बघाच. एवढं सगळं बघूनही बोअर घ्यायचाच ठरला, तर चार घरांनी मिळून घ्या आणि पाणी पिण्याआधी तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर निघालं तर ते धुण्या-भांड्यांपुरतंच. उकळून यातलं काहीच जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं.

पट्टी बंद करू नका. वर्षाकाठी पंचेचाळीस वेळा पाणी आलेल्या माणसाला हे सांगताना मलाही बरं वाटत नाही, पण हिशोब बघा. पट्टी १,२००. जारचे रोज दहा म्हणजे वर्षाला ३,६५०. खाडे महिन्याला दोन, म्हणजे ७,२००. तुम्ही पाण्यासाठी वर्षाला बारा हजारांवर पैसे मोजताय, आणि त्यातले ज्यांच्यावर ग्रामपंचायतीला जाब विचारता येतो असे फक्त बाराशे आहेत. तेच बंद केले तर तुमच्या हातात काय राहिलं? वसुली नाही म्हणून मोटरचं लाइटबिल थकतं, बिल थकलं की वीज तोडतात, वीज नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून वसुली नाही. हे चाक आपल्याकडे कितीतरी गावांत फिरताना मी पाहिलंय.

पट्टी भरा, पण मुकाट्याने भरू नका. पावती घ्या, आणि त्याच दिवशी एका अर्जावर लिहून द्या की बाराशे रुपये भरले, पाणी अमुक दिवस आलं, वहीची नक्कल सोबत जोडली आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) पोच द्यायला कां-कूं करतील, तिथेच उभ्या राहा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना सगळा कर भरणाऱ्या घराला दळण फुकट, अशी सोय झाली. त्यातलं दळण महत्त्वाचं नाही. भरलेल्या पैशाचं काहीतरी डोळ्यांना दिसलं, म्हणून लोक भरत गेले. तुमच्या गावात दळणाची गरज नाही, एक फळा पुरेल.

फळ्याचं सांगते. १ मेला ग्रामसभा असते, त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरातच होते. तुम्ही पंधरा बायका जाऊन बसा म्हणजे प्रत्यक्षातही होईल. तुमच्या दुकानाला तसंही महाराष्ट्र दिनाची सुट्टी असेल. ‘पाणी का येत नाही’ असं विचारू नका, त्यावर पावसापासून केंद्र सरकारपर्यंत कोणाचंही नाव सांगता येतं. लेखी मागा ते असं: कोणत्या गल्लीचा कोणता वार, हे चावडीच्या फळ्यावर लिहा. पाणी सोडण्याआधी मंदिराच्या भोंग्यावर पुकारा, आणि चुकलं तर का चुकलं तेही फळ्यावर येऊ द्या: ‘मोटर जळाली, शुक्रवारपर्यंत नाही.’ वाईट बातमी असली तरी चालेल. त्या शुक्रवारपर्यंत तुम्ही निदान खाडा करणार नाही. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेलच, सुप्रभातचे फुलं-पक्षी येतात तो. त्यात आप्पांच्या नातवाने एक ओळ टाकली तरी तालुक्याला बसल्या बसल्या तुम्हाला कळेल.

एवढं मान्य झालं की दुसऱ्या सभेत पैशांचं विचारा. पाणीपुरवठ्याचा जमा-खर्च वेगळा दाखवा, लाइटबिल किती थकलंय, पट्टी किती घरांकडून येते. वित्त आयोगाच्या पैशातून काय केलं तेही, कारण पंधराव्या आयोगाने त्यातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर नक्की आहे, आणि तिच्यात निम्म्या बायका असायला हव्यात. त्या कोण आहेत ते शोधा. त्यातल्या एक-दोघींना आपण समितीत आहोत हे तुमच्याकडूनच कळेल, असा माझा अंदाज आहे. माहिती अधिकार, गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग, हे सगळे रस्ते आहेतच, पण ते दोन सभा वाया गेल्यावर. तीनशे घरांच्या गावात पहिलाच कागद माहिती अधिकाराचा टाकला तर ती कुस्तीची सलामी ठरते, आणि मग फळ्यावरही कोणी लिहीत नाही.

पिण्याच्या पाण्याचं थोडं बोलू, कारण तुमच्या धाकट्याला दोनदा जुलाब झाल्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंय. नळ सुटल्यावर पहिली पाच-सात मिनिटं येणारं पाणी जनावरांना नाही, चुलीपाशी नाही. ते संडासाला आणि अंगण सारवायला. आठ दिवस पाइपात बसलेली घाण त्यातून निघते. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं असलं तरी त्याचा असर घरातल्या भांड्यात आठवडाभर टिकत नाही. त्यामुळे पाणी भरलं त्या दिवशी औषधाचे थेंब टाकून निर्धास्त होऊ नका. रोज प्यायला काढाल तेवढंच उकळा, किंवा तेवढ्यालाच क्लोरिनचे थेंब टाका, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. तुमच्या दुकानात मिळतात. जारच्या पाण्यावर डोळे झाकून विसंबू नका. ते गार आणि गोड लागतं, पण जंतू मारत राहायला त्यात क्लोरिन नसतं, आणि जार आतून कधी घासला होता ते जारवाल्यालाही आठवत नसतं.

आठ दिवसांचा साठा म्हटला की डास आलाच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणजे तुमच्या नळाची पाळी आणि डासाची पाळी अगदी जुळते. नवं पाणी येण्याआधी बॅरल, रांजण पूर्ण उपसून आतून काथ्याने घासा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत. बाकी दिवस वर जुनं धोतर बांधा.

आणि तो हौद. सगळ्यांत शेवटी तुम्ही त्याचं लिहिलंय, मला मात्र पहिल्यांदा तोच दिसला. सहा बाय पाच फूट, चार फूट खोल, अर्धा जमिनीत. यात तेहतीसशे लिटरच्या वर पाणी मावतं. पाच माणसांचं, ५५ लिटरने, आठ दिवसांचं पाणी होतं २,२००. सासऱ्यांच्या वडिलांनी ५५ लिटरचं माप ऐकलेलं नव्हतं, पण अंदाज बघा त्यांचा. यजमानांना म्हणावं, मोटरसायकल उन्हात उभी राहिली तरी चालते.

हौदात नळ सोडा आणि तोंडाला बॉलकॉक (तरंगत्या गोळ्याची तोटी) बसवा. मग रात्री दोनला पाणी आलं तरी कोणी उठायला नको, भरला की आपोआप बंद. नळाचं तोंड जितकं खाली तितकं कमी दाबाचं पाणी जास्त वेळ येतं, म्हणून स्लॅबवरच्या टाकीपेक्षा हौद बरा. तोंड मात्र पाण्यात बुडू देऊ नका. लाइन रिकामी झाली की हौदातलं पाणी उलटं ओढलं जातं. हौदातून वर चढवायला छोटी मोटर लावलीत तर त्यात कोणाचं काही जात नाही, ते पाणी तुमचं झालेलं असतं. पावसाळ्यात पत्र्याला पन्हाळ लावून तीही हौदातच सोडा. तीस चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे तीस लिटर. आपल्याकडच्या सहाशे-साडेसहाशे मिलिमीटरमध्ये, वाया जाणारं सोडूनही, चौदा-पंधरा हजार लिटर हाताला लागतात. पहिले दोन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्यायचे. झाकण घट्ट हवं, लहान मुलं आहेत घरात.

गळतो किती, ते आधी बघू. पुढच्या वेळी पाणी आलं की निम्मा भरा, निजायच्या आधी पाण्याच्या कडेला कोळशाने रेघ मारा आणि सकाळी बघा. दोन बोटं उतरलं असेल तर आतून वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा पुरतो. हातभर उतरलं तर तळ फुटलाय, मग गवंड्याला दाखवा. किती उतरलं ते मला कळवा, आणि वहीत त्या दिवसाच्या पानावर लिहून ठेवा.